कुंपणानेच रान खाल्ले

पावसाळा तोंडावर आला की बऱ्याच शाळांमध्ये एक विषय हमखास निघतो. मैदानाच्या कडेने शोभेच्या झुडपांचे कुंपण करायचे आहे, तर कोणती झुडपे लावावीत? अपेक्षाही ठरलेल्या असतात. झुडूप भराभर वाढले पाहिजे. शेळ्यांनी त्याला तोंड लावता कामा नये. उन्हाळ्याच्या सुटीत पाणी घालायला कोणी नसते, तेव्हा ते तग धरणारे हवे. फुले शक्यतो बाराही महिने यावीत. आणि निसर्गाची आवड असलेले एखादे शिक्षक शेवटची अट घालतात : फुलपाखरे आणि पाखरे यायला हवीत.

या सर्व अटी पूर्ण करणारे एक झुडूप आहे आणि ते फुकटात मिळते. त्याचे नाव घाणेरी. कोणी तिला टणटणी म्हणतात. वनस्पतिशास्त्रातील नाव लँटाना कमारा. काही वर्षांपूर्वी एका शाळेने आमचा सल्ला विचारला, तेव्हा आम्ही उत्साहाने घाणेरीच सुचवली. रोपवाटिकेतून रंगीत फुलांची रोपे आणली गेली. दोन वर्षांत कुंपण दाट झाले, त्यावर फुलपाखरांची झुंबड उडू लागली आणि आम्हाला धन्यवादाचे पत्रही आले. पुढे चारपाच वर्षांनी पुन्हा त्या शाळेत जाण्याचा योग आला. कुंपण सुरेखच होते. पण पलीकडच्या गवताळ माळावर, विजेच्या तारांच्या बरोबर खाली, घाणेरीच्या कोवळ्या रोपांची रांग उभी होती. तारांवर बुलबुल बसले होते. हे सारे कसे घडले हे आम्हाला कोणी सांगण्याची गरज नव्हती.

आमची चूक नवी नव्हती. तीच चूक दोनशे वर्षांपूर्वी आमच्यापेक्षा पुष्कळ जाणत्या माणसांनी केली होती. कुंपणाचे झुडूप निवडण्यापूर्वी त्या चुकीचा इतिहास एकदा नजरेखालून घालणे उपयोगाचे ठरेल.

झाड अमेरिकेचे, नाव युरोपचे

घाणेरीचे मूळ घर म्हणजे अमेरिका खंडाचा उष्ण भाग. सतराव्या शतकात डच व्यापाऱ्यांनी ब्राझीलमधून तिची रोपे युरोपात नेली. तिथल्या थंडीत ती उघड्यावर जगत नसे, म्हणून श्रीमंतांच्या काचघरांत तिची जोपासना झाली. १७५३ साली लिनियसने तिला शास्त्रीय नाव दिले. 'लँटाना' हा शब्द मुळात दुसऱ्याच झुडपाचा. युरोपातील शेतांच्या कुंपणांत आढळणाऱ्या व्हायबर्नम नावाच्या झुडपाला पूर्वी लँटाना म्हणत. फुलांच्या झुबक्यांतील साम्यामुळे ते नाव या पाहुणीला मिळाले. म्हणजे नावातच एक कुंपण दडलेले होते, असे म्हणायला हरकत नाही.

युरोपातील माळ्यांनी मग या झाडावर मेहनत घेतली. निरनिराळ्या जातींचा आणि वाणांचा संकर करून पिवळी, केशरी, गुलाबी, लाल, पांढरी अशा फुलांचे शेकडो वाण तयार केले. ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे. वसाहतींमधून पुढे जी घाणेरी पोहोचली, ती ब्राझीलच्या रानातील साधी घाणेरी नव्हती. ती अनेक जातींच्या मिश्रणातून झालेली संकरित घाणेरी होती. असे मिश्रण निरनिराळ्या हवामानांत जमवून घ्यायला अधिक समर्थ असते.

हुगळीकाठची बाग

ईस्ट इंडिया कंपनीने १७८७ साली कलकत्त्याजवळ हुगळीच्या काठी शिबपूर येथे वनस्पती उद्यान स्थापन केले. व्यापाराला उपयोगी पडणारी झाडे आणून वाढवावीत आणि मग ती देशभर वाटावीत, हा त्यामागचा हेतू. सागवान, मसाल्याची झाडे, रंग देणाऱ्या वनस्पती यांचे प्रयोग तिथे चालत. त्यांच्याबरोबर शोभेची झाडेही येत. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात घाणेरी या बागेत दाखल झाली, आणि तिथून ती बंगल्यांच्या आवारांत, लष्करी छावण्यांत आणि मळ्यांच्या कडेला कुंपण म्हणून पोहोचली.

तिची निवड करणारे लोक अडाणी नव्हते. त्यांची गरज खरी होती. काटेरी तारेचे कुंपण सर्रास मिळू लागले ते १८७०च्या दशकानंतर. तोपर्यंत आवार राखायचे तर दगडाचा गडगा, वाळलेल्या काट्यांची वई किंवा जिवंत झुडपे एवढेच मार्ग होते. गडगा महाग, वई दरवर्षी नवी घालावी लागे. जिवंत कुंपण एकदा लावले की काम झाले. त्यात घाणेरी दिसायला देखणी, फांदी खोचली तरी रुजणारी, आणि पानांच्या उग्र वासामुळे व विषारीपणामुळे गुरे तिच्याकडे फिरकत नसत. कुंपणासाठी हे सगळे गुणच होते. हेच गुण आवाराबाहेर दोष ठरतील, हा विचार तेव्हा झाला नाही.

दोन कुंपणांची गोष्ट

त्याच शतकात भारतात आणखी एक कुंपण उभे राहत होते आणि तुलनेसाठी ते फार बोलके आहे. मिठावरचा कर चुकवून मीठ पलीकडे जाऊ नये म्हणून इंग्रज सरकारने सिंधू नदीच्या बाजूपासून बुऱ्हाणपूरच्या दिशेने एक लांबलचक जकात रेषा आखली होती. तिच्यावर काटेरी कुंपण उभारले गेले. १८७०च्या दशकाच्या अखेरीस जिवंत आणि वाळलेल्या काट्यांचे मिळून हे कुंपण दीड हजार मैलांच्या आसपास पसरले होते, आणि रेषेवर बारा हजारांहून अधिक माणसे राबत होती.

१८६७ ते १८७० या काळात या खात्याचे प्रमुख होते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. हे गृहस्थ पुढे १८८५ साली राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे म्हणून आपल्याला इतिहासाच्या पुस्तकातून माहीत असतात. ते नामांकित पक्षितज्ज्ञही होते. एकच झुडूप सगळीकडे लावण्याऐवजी त्यांनी त्या त्या भागातील माती आणि पाऊस पाहून प्रयोग केले. कुठे बाभूळ, कुठे बोर, कुठे करवंद, कुठे थोर. परदेशी निवडुंगही त्यात होता, पण बहुतेक झुडपे त्याच मुलखातली होती.

मिठासारख्या वस्तूपासून गरिबाला तोडणारे हे कुंपण अन्यायाचे होते, यात शंका नाही. १८७९ साली जकात रेषा रद्द झाली, कुंपणाची निगा थांबली आणि पाहता पाहता ते नाहीसे झाले. लोकांनी लाकूडफाटा तोडून नेला, शेते पुढे सरकली, काही पट्ट्यांवर रस्ते झाले. आज त्याचा मागमूस शोधावा लागतो. सरकारने हजारो माणसे लावून जोपासलेले कुंपण नामशेष झाले, आणि बंगल्यांच्या माळ्यांनी सहज लावलेले कुंपण देशभर पसरले. असे का झाले असावे?

एक उत्तर स्थानिक झुडपांच्या स्वभावात आहे. बोर आणि बाभूळ यांना शेळ्या खातात, कीड खाते, माणूस तोडतो. त्यांच्या संख्येला आवर घालणारे सोबती त्यांच्याभोवती असतात. घाणेरी मात्र आपले शत्रू अमेरिकेत सोडून आली होती. तिची पाने खाणारे इथे जवळजवळ कोणी नव्हते, पण फळे खाणारे भरपूर होते.

हवाई बेटांवरची साळुंकी

हे गणित सर्वांत स्पष्ट दिसले ते प्रशांत महासागरातील हवाई बेटांवर. तिथे विल्यम हिलेब्रँड नावाचे एक डॉक्टर राहत. ते उत्तम वनस्पतितज्ज्ञ होते आणि त्यांनी होनोलुलूत सुंदर बाग फुलवली होती. १८५८ साली त्यांनी शोभेसाठी घाणेरी आणली. काही वर्षे ती बागांपुरतीच राहिली. पुढे गवत आणि पिके खाणाऱ्या लष्करी अळीचा उपद्रव वाढला, तेव्हा तिच्यावर उपाय म्हणून १८६५ साली याच हिलेब्रँडनी आपल्याकडची साळुंकी भारतातून नेऊन तिथे सोडली.

साळुंकीने अळ्या खाल्ल्या असतील. पण तिने घाणेरीची काळी रसाळ फळेही खाल्ली आणि बिया डोंगरदऱ्यांत टाकल्या. पूर्वेकडून आणलेल्या होल्यांनीही तेच काम केले. झुडूप आणि पक्षी वेगवेगळ्या खंडांतून आले होते, आणि ते बेटावर एकत्र आल्यावर मात्र घाणेरीच्या जाळ्या कुरणांवर चढल्या. दोन्ही पाहुणे एकाच सद्हेतूच्या माणसाने आणले होते.

विज्ञानाच्या इतिहासात या घटनेला आणखी एक महत्त्व आहे. १९०२ साली अल्बर्ट कोबेली हे कीटकतज्ज्ञ घाणेरीचे शत्रू शोधायला मेक्सिकोत गेले. तिथून त्यांनी होनोलुलूला २३ जातींचे कीटक पाठवले, त्यांपैकी आठ तिथे स्थिरावले. खास शोधमोहीम काढून तणावर कीटक सोडण्याचा हा पहिला मोठा प्रयत्न. कोरड्या भागात त्याला थोडे यश मिळाले. पण घाणेरी हटली नाही.

निवडुंग हरला, घाणेरी हरली नाही

भारतात या मार्गाचा अनुभव त्याहूनही जुना होता, पण तो अपघाताने आलेला. किरमिजी रंग देणारा कीटक वाढवण्यासाठी कंपनीने अमेरिकेतला फड्या निवडुंग आणवला होता. १७९५ साली ब्राझीलहून कीटक आले ते भलत्याच जातीचे. रंग निकृष्ट निघाला, पण त्या कीटकांनी एका जातीच्या निवडुंगाची राने फस्त केली. दक्षिणेत दुसऱ्या जातीचा निवडुंग माजला होता. त्यावर १९२६ साली श्रीलंकेतून त्याचाच खास कीटक आणला गेला, आणि कुंपणांतून शेतांत घुसलेला निवडुंग थोड्याच वर्षांत ओसरला.

घाणेरीबाबतही अशीच आशा होती. १९१६ ते १९१९ या काळात वाय. रामचंद्र राव यांनी भारत आणि ब्रह्मदेशात घाणेरीवर कोणकोणते कीटक आढळतात याची कसून पाहणी केली. कीटक पुष्कळ सापडले, पण तिला आटोक्यात ठेवील असा एकही नव्हता. १९२१ साली हवाईहून तिच्या फळांत वाढणारी माशी आणली गेली. १९४१ साली ऑस्ट्रेलियातून पाने शोषणारा एक ढेकण्या डेहराडूनला आणला. तो सागाच्या फुलोऱ्यावरही जगू शकतो असे चाचणीत दिसल्याने त्याला मोकळे न सोडण्याचे ठरले. तरी तो निसटला आणि पसरलाच. सागाचे फारसे नुकसान झाले नाही, आणि घाणेरीचेही नाही.

निवडुंगावर जे जमले ते घाणेरीवर का जमले नाही? याचे एक कारण आपण वर पाहिले आहे. निवडुंग एका निश्चित जातीचा होता, त्यामुळे त्याचा शत्रूही निश्चित सापडला. घाणेरी हे माळ्यांनी घडवलेले मिश्रण. एका वाणावर तुटून पडणारा कीटक दुसऱ्या वाणाला तोंड लावत नाही. काचघरांतील शोभेचे प्रयोग दीडशे वर्षांनी असे आड आले.

आजची स्थिती काय आहे? २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, भारतातील वाघांच्या वावराच्या जंगलांपैकी ४० टक्क्यांहून अधिक क्षेत्रात घाणेरी आहे. ते क्षेत्र दीड लाख चौरस किलोमीटरपेक्षा जास्त भरते. तिच्या जाळीखाली गवत वाढत नाही, आणि गवत नसेल तर हरणांना चारा राहत नाही. उन्हाळ्यात सुकलेली जाळी वणव्याला आयते जळण पुरवते, आणि वणव्यानंतर सर्वांत आधी फुटवे येतात तेही तिलाच. सगळा दोष झुडपाच्या माथी मारणेही बरोबर नाही. दाट सावलीत घाणेरी वाढत नाही. आपण जंगल विरळ केले, चराई आणि आगी वाढवल्या, म्हणून तिला ऊन आणि जागा मिळाली.

फुलपाखरांची साक्ष

इथे एखादा विद्यार्थी विचारील, 'पण तिच्यावर फुलपाखरे येतात ना? मग ती वाईट कशी?' प्रश्न रास्त आहे. फुलपाखरांची साक्ष नीट तपासायला हवी.

ब्राझीलमध्ये स्थायिक झालेले जर्मन निसर्गतज्ज्ञ फ्रिट्झ म्युलर यांनी १८७७ साली घाणेरीची एक गंमत नोंदवली. तिथल्या झाडाचे फूल पहिल्या दिवशी पिवळे, दुसऱ्या दिवशी केशरी आणि तिसऱ्या दिवशी जांभळे होई. फुलपाखरे पिवळ्या फुलांत सोंड घालत, काही केशरीतही घालत, जांभळ्यात मात्र एकही नाही. ताज्या फुलात मकरंद असतो. जुनी फुले गळून न पडता रंग बदलून टिकतात, त्यामुळे झुबका दुरून मोठा दिसतो. जवळ आलेल्या पाहुण्याला मात्र नेमके ताजे फूल ओळखता येते. आपल्याकडच्या बहुतेक वाणांतही पिवळ्याचा गुलाबी किंवा केशरी-लाल होताना दिसतो. दहा मिनिटे उभे राहून हे निरीक्षण कोणत्याही वर्गाला करता येईल.

पण मकरंद हे फुलपाखराचे अर्धेच आयुष्य. उरलेले अर्धे पानावर जाते. अंडे पानावर घातले जाते, अळी पाने खाऊन वाढते, आणि प्रत्येक जातीची अळी ठरावीक झाडांचीच पाने खाते. घाणेरीच्या पानांवर आपल्याकडची फुलपाखरे क्वचितच वाढतात. म्हणजे घाणेरीचे कुंपण हे फुलपाखरांचे उपाहारगृह आहे, घर नव्हे. आणि ज्या माळावर तिचे रोप उगवते, तिथली घर देणारी झाडे ते हटवत जाते. कुंपणच शेत खाते ही आपली म्हण इथे अक्षरशः खरी ठरते. शेताऐवजी रान म्हणायचे इतकेच.

मग काय लावावे?

या इतिहासातून कुंपणाचे झुडूप पारखण्याचे तीन प्रश्न मिळतात. फुलांवर कोण येते, हा पहिला. पाने कोण खाते, हा दुसरा. बी कोण नेते आणि कुठे रुजते, हा तिसरा. एरवी आपण पहिल्याच प्रश्नाशी थांबतो. झाड देशी की परदेशी, ही चौकशी उपयोगाची आहे, पण ती एकटी पुरेशी नाही. जास्वंद बाहेरून आलेली म्हणतात, तरी ती रानात माजत नाही, कारण आपल्या बागांतल्या जास्वंदीला सहसा बीच धरत नाही. उलट, रोपवाटिकेत 'हिला फळ धरत नाही' असे सांगून विकलेल्या घाणेरीचे परागकण शेजारच्या रानटी घाणेरीला फळे धरायला मदत करू शकतात. पिवळ्या मण्यांसारख्या फळांचा दुरांता हा तर घाणेरीच्याच कुळातला परदेशी पाहुणा. त्याची फळे पक्षी खातात आणि माणसाला ती विषारी असतात. त्याच्याबाबतही सावध असलेले बरे.

तिन्ही प्रश्नांना चांगली उत्तरे देणारी झुडपे आपल्या आसपास आहेत. करवंदाला काटे आहेत, पांढरी सुगंधी फुले आहेत आणि मे महिन्यात मुलांना व बुलबुलांना वाटून खाता येतील अशी फळे आहेत. काटेरी जाळीत घरट्यालाही आसरा मिळतो. त्याची वाढ सावकाश होते, हे मात्र आधीच सांगायला हवे. अडुळसा आणि निर्गुडी यांना शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत, आणि दोन्हींच्या फुलांवर मधमाश्या व भुंगे येतात. पिवळ्या कोरांटीची पाने काही फुलपाखरांच्या अळ्या खातात आणि तिच्या काट्यांमुळे कुंपण राखले जाते. तगरीवर मोठ्या, हिरव्या पतंगाच्या अळ्या वाढतात. डोंगराळ भागात धायटी लावावी. तिच्या लाल फुलांवर शिंजीर हटकून येतो. मधूनमधून कढीपत्ता आणि लिंबू लावले तर त्यांच्या पानांवर फुलपाखरांची अंडी नक्की सापडतील. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलेले ब्लू मॉरमॉनही लिंबाच्या कुळातील झाडांवरच अंडी घालते.

ह्यूम यांच्या कुंपणातून घेण्याजोगा धडा एवढाच की, एकाच झुडपाची रांग लावू नये. चारपाच जाती मिसळाव्यात, त्याही आपल्या गावच्या माती-पावसाला मानवणाऱ्या. वर्षभर काही ना काही फुलत राहील आणि एक जात मेली तरी कुंपण उघडे पडणार नाही. पाने कुरतडलेली दिसली तर औषध मारण्याची घाई करू नये. कुरतडलेले पान म्हणजे तिथे कोणीतरी राहायला आले आहे.

शाळेत आधीच घाणेरी असेल तर? नुसती छाटल्याने ती अधिक फुटते आणि जाळल्यानेही जात नाही. फळे धरण्याआधी जमिनीच्या किंचित खाली मुख्य मूळ तोडावे आणि झुडूप उपटून उलटे ठेवावे, म्हणजे ते पुन्हा मूळ धरत नाही. मोकळ्या जागी लगेच गवत किंवा दुसरी झुडपे लावावीत, नाहीतर तिचीच रोपे परत येतात. हे काम हातमोजे घालून मोठ्यांनी करावे. पाने जनावरांना टाकू नयेत. त्यांतील विषाने गुरांना कावीळ होते आणि कातडी उन्हाने सोलवटते.

त्या शाळेत आम्ही परत गेलो, तेव्हा मुख्याध्यापकांना हे सारे सांगणे थोडे जड गेले. ज्यांनी कौतुकाने पत्र लिहिले होते, त्यांनाच आता कुंपण काढा म्हणायचे होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि सातवीच्या वर्गाला एक काम दिले : विजेच्या तारेखालची रोपे मोजायची, आणि तारेपासून दूर, तेवढ्याच लांबीच्या पट्ट्यातलीही मोजायची. मुलांनी दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले. पुढच्या पावसाळ्यात कुंपण बदलायचे की नाही, यावर मग आम्हाला काही बोलावेच लागले नाही.